बाटिकच्या नावाखाली

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी जामनगरहून घरी पोचलो. घरात काहीतरी शिजतंय. दर वेळी मिसरोदला दारात पाय ठेवला की आई म्हणते, वाळलास. आज म्हणाली, दाढी कर.

जेवताना बाबांनी जाहीर केलं, रविवारी सगळ्यांनी बाटिक शिकायला जायचं. जवाहर चौकाजवळ कोणी सुचेताताई शिकवतात. कापडावर मेण लावून रंगवायचं. फॅमिली आउटिंग. हे कोण बोलतंय? जे रिटायर झाल्यापासून तलावावरसुद्धा गेले नाहीत, का तर तिथं नुसतं पाणीच आहे.

शिक्षण माझं नववी, पण दिमाग चालतो. हा मला मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
संशय पक्का. आईने माझा शर्ट स्वतः प्रेस केला. वर बजावलं की तिथं तोंड कमी चालव. रसिकाताई पार्लरला जाऊन आली. भावाची होणारी बायको बघायची तर बहीणही नीट दिसायला पाहिजे, ते बरोबरच आहे.

ताईला सरळ विचारलं, मुलगी कोण? ती म्हणाली, चिन्या, तू फक्त रंग लाव.

ठराव: मी नकार देणार. ताईच्या आधी मी बोहल्यावर चढणार नाही. तिचं मागच्या वर्षी जमत आलं होतं. नागपूरचा मुलगा. तो खरंच तिथं कामाला आहे का म्हणून मी त्याच्या ऑफिसात फोन केले. रोज करत होतो. मग त्या लोकांनी नकार कळवला. म्हणजे दाल में काला होताच.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार
मुलगी ओळखली. आमच्याच टेबलावर एक फॅमिली 'सहज' येऊन बसली. विनिताकाकू, त्यांचा मुलगा समीर, मंडीदीपला इंजिनिअर, आणि धाकटी शमिका. शमिका म्हणजे आपलीवाली.

समीर सारखा ताईला ब्रश देत होता. ताईकडून माझी माहिती काढत असणार. मी दोघांच्या मध्ये जाऊन बसलो. तो म्हणाला, भैया, थोडं सरकता का? नाही सरकलो.

सुचेताताई म्हणाल्या, जिथं मेण लावाल तिथं रंग चढत नाही, पांढरं राहतं. मला वाटलं, बाई मेण वाचवतेय. साइटवर आम्ही लोखंडाला रंगाचे दोन हात मारतो, दोन्ही बाजूंनी. तसंच कापडाला मारलं. रंगात बुडवलं, बाहेर काढलं, होतं तसंच. क्वालिटीत गडबड आहे. शमिका हसली. लाजली म्हणायचं.

मग विनिताकाकूंना गाठलं आणि मोडता घातला. म्हटलं, काकू, आमच्याकडे सोयरीक करू नका. बाबा घराबाहेर पडत नाहीत, आईचं डोकं गॅसवर ठेवलेल्या या मेणासारखं, मी नववी नापास. ताई आहे म्हणून घर चाललंय. बाबांचं औषध तीच बघते, बँकेत तीच जाते, मी चुकलो तर मला पण तीच झापते. तिचं होईपर्यंत मी लग्न करणार नाही.

टेबलाखाली आईने माझा पाय दाबला. मी पाय बाजूला घेतला.

संध्याकाळ
घरी परतलो. ताईच्या कापडावर कमळं झकास उमटलीत, पण ते तसंच ओलं पिशवीत आहे. ती खोलीत गेली, दार लावलं.

शेवटी आईने सांगितलं. कार्यक्रम ताईचा होता. समीरसाठी. नागपूरसारखं होऊ नये म्हणून मला सांगितलं नव्हतं.

मला आधीपासून वाटतच होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार
ताईला सॉरी म्हणायचं ठरवलं. तिच्या दाराशी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा आतून म्हणाली, चहा ठेव. ठेवला. उतू गेला. ते भांडंच लहान आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
होकार आला. विनिताकाकू आईला म्हणाल्या, एरवी चौकशीला दहा घरं फिरावी लागतात, इथं भावानेच सगळं ओतलं. आणि एवढ्या सगळ्यांना सांभाळते ती मुलगी आमच्याकडे नुसती आराम करेल.

म्हणजे हे लग्न मी जमवलं. ताई हसली, माझ्या डोक्यात टपली मारली. डोळे मात्र पुसत होती.

ठराव: साखरपुड्यात दोन शब्द बोलणार. त्याआधी समीरच्या कंपनीत एक फोन. फक्त एक.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
फोन लागला नाही. माझा मोबाइल सकाळपासून बाबांच्या कपाटात आहे. हरवेल म्हणे, म्हणून जपून ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
साखरपुडा सतराला. माझी गाडी सोळाची. सोमवारी कोण साखरपुडा करतं? पण गुरुजींना दुसरा मुहूर्तच मिळाला नाही, त्याला काय करणार. मी म्हटलं, तिकीट कॅन्सल करतो. सगळे एकदम नको म्हणाले. कन्फर्म तिकीट आजकाल मिळतं कुठे. माझ्या नोकरीची किती काळजी.

आईने डबा आजच भरायला घेतलाय. माझं बाटिक तिने डब्याभोवती गुंडाळलं. मेण आहे, तेल झिरपत नाही. शेवटी कामाला आलंच.

उद्या स्टेशनवर सोडायला बाबा स्वतः येतायत. आयुष्यात पहिल्यांदा. गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभा राहीन म्हणाले. वय झालं की माणसाची माया वाढते.