सहा नंबरचा दुसरा हाफ

शनिवार, ९ नोव्हेंबर

हरलो! रग्बीच्या मॅचमध्ये हाफटाइमला पुढे होतो आणि हरलो. मोजे अजून ओले आहेत, घसा बसलाय, डोकं भणभणतंय.

हरण्याचं काही नाही हो. पण असं हरायचं? दुसऱ्या हाफमध्ये आमची मंडळी जेवण करून शतपावलीला निघाल्यासारखी फिरत होती. त्यातून तो सहा नंबर! समोरचा बॉल घेऊन पळतोय, याचं काम एकच, त्याला कमरेत धरून आडवं करायचं, टॅकल म्हणतात ते. आणि हा बाजूबाजूनं चालतोय. चालतोय! मला राहवेना. उठून ओरडलो, "या जावईबापू, बसा! पाणी आणू का?"

अख्खा स्टँड हसला. बेकरीवाल्याला तर हसता हसता ठसका लागला, पाठीत धपाटे घालावे लागले. मग काय, मॅच संपेपर्यंत जो तो "जावईबापू, दमलात का?" "जावईबापू, उशी देऊ का?"

खरं लिहायचं तर घरी येताना हरल्याचं दुःख कमी होतं, आणि सगळे हसले त्याचीच मजा जास्त वाटत होती.

रविवार, १० नोव्हेंबर

क्लबच्या चाहत्यांच्या ग्रुपवर सकाळपासून जुंपली आहे. मास्तर (रिटायर होऊन वर्षं झाली, तरी लिहितात वर्गात उभं राहिल्यासारखं) म्हणतात, दोष कोचच्या डावपेचांचा, खेळाडूंना बोल लावू नका. बेकरीवाला म्हणतो, डावपेच गेले चुलीत, आधी अंग हलवा म्हणावं. दोघंही हटेनात. मी लिहिलं, थांबा, मोजून सांगतो. ग्रुपवर मला ‘मीटर’ म्हणतात ते काही उगीच नाही.

जेवण झाल्यावर क्लबचा व्हिडिओ लावून बसलो. मैदानाच्या एका टोकाला खांबावर एकच कॅमेरा. सगळे चिखलानं माखलेले, निम्म्यांच्या डोक्यावर मार वाचवायच्या टोप्या, चेहरे काही दिसत नाहीत. पण पाठीवरचे नंबर दिसतात, आणि मला तेवढं पुरतं. ही चहा ठेवून गेली. म्हणाली, "घरात कोण किती काम करतं तेही मोजा एकदा." मी हसण्यावारी नेलं.

दुसरा हाफ. सहा नंबर: टॅकल एक. त्यातही समोरचा आपणच घसरला होता. आणि वीस नंबर, तो नवा बदली खेळाडू, आठ नंबरचा पाय मुरगळला म्हणून हाफटाइमला आत आलेला: टॅकल सतरा! पडतोय, उठतोय, परत भिडतोय. ग्रुपवर टाकलं, "एकाला सतरा. नव्याला शाबासकी, जावईबापूंना नारळ." खाली सही, मीटर.

मास्तरांनी लिहिलं, "पुराव्यापुढे मी माघार घेतो." मास्तरांनी! मी ते तीनदा वाचलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

एकाला सतरा गावभर झालंय. बसमध्ये पुढच्या सीटवरचे दोघं तेच बोलत होते. "कुणीतरी मीटर आहे म्हणे, पक्कं मोजतो." मी खिडकीबाहेर बघत बसलो, पण कान त्यांच्याकडेच होते!

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या ऑफिसात मात्र सगळा गोंधळ. आमच्या टेलिफोनवालीनं पत्ता चुकीचा लिहून घेतला आणि मी मेकॅनिक भलत्याच इमारतीत पाठवला. इकडे एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकलेले, ते फोनवर मला शिव्या देतायत. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "लक्ष कुठे असतं?" तिनं मान वर केली नाही. डोळे सुजले होते. माझ्या आत्ता लक्षात येतंय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अक्षर बघा कसं आलंय.

जेवणाच्या सुट्टीत टेलिफोनवाली माझ्या टेबलाशी आली. "काका, तुम्ही मॅचला जाता ना?" म्हटलं, हो. "मग हे खरं असेल का, सांगाल?" आणि फोन माझ्यापुढे धरला. माझंच लिहिलेलं. एकाला सतरा. नारळ.

सहा नंबर तिचा नवरा आहे! नवरा फरशा बसवतो एवढंच मला ठाऊक होतं. खेळतो हे ती कधी बोलली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तीन वर्षं शेजारी बसतोय आम्ही.

म्हणाली, "त्या दिवशी घरी आला तो न्हाणीघरात भिंतीला टेकून बसला. बूट मी काढले त्याचे. हात वर जाईना. काम न केलेला माणूस असा होतो का, काका? पण त्याला विचारलं तर ‘असेल’ म्हणतो. ‘आकडे आहेत ना, असेल.’ मग मला वाटतं, खरंच असेल. मग त्याच्याकडे बघवत नाही, आणि आपल्याला असं वाटतं याची स्वतःचीच लाज वाटते."

मग म्हणाली, "हा मीटर कोण आहे देव जाणे. तुम्ही एकदा तो व्हिडिओ बघाल? तुमच्यावर माझा भरवसा आहे."

मी म्हटलं, बघतो. एवढंच. मीटर मीच, हे तोंडातून बाहेर पडलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

व्हिडिओ बघितला नाही. वेळ झाला नाही.

खोटं. वेळ होता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज बघितला. पहिल्या मिनिटापासून. रविवारी मी फक्त दुसरा हाफ बघितला होता. शहाणाच मी!

पहिल्या हाफमध्ये सहा नंबरच्या डाव्या गुडघ्याला पांढरी पट्टी आहे. जाडजूड, लांबूनही दिसते. दिवसभर गुडघ्यांवर बसून फरशा ठोकणारा माणूस, बांधणारच. हाफ संपता संपता तो खेळाडूंच्या एका ढिगाऱ्यात सापडतो. उठतो तेव्हा नाकातून धार लागलेली, शर्ट छातीपर्यंत लाल. कुणीतरी त्याला दंडाला धरून बाहेर नेतं.

दुसरा हाफ. सहा नंबरच्या गुडघ्याला पट्टी नाही. पट्टी वीस नंबरच्या गुडघ्याला आहे.

मी थांबवून, मागे नेऊन, परत लावून बघितलं. पट्टी वीस नंबरलाच. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रक्ताचा शर्ट घालून खेळू देत नाहीत, नियमच आहे तो. आमच्या क्लबकडे जास्तीचे शर्ट कुठले? बाकावर बसलेल्या नव्याचा वीस नंबर याच्या अंगात चढवला असणार, आणि याचा सहा नंबर नळाखाली धुतला. आठ नंबरच्या जागी नव्याला आत जायची वेळ आली तेव्हा तोच ओला शर्ट त्याच्या अंगावर.

म्हणजे चालत होता तो नवा. सतरा टॅकल तिच्या नवऱ्याचे. फुटलेल्या नाकानं. आणि जावईबापू हे नाव मी याच्या गळ्यात घातलं.

जेवलो नाही. ही विचारते, काय झालं? म्हटलं, पित्त.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सांगायचं ठरवून गेलो होतो. आरशासमोर घोकलंसुद्धा होतं! तिनं आल्या आल्या विचारलं, "बघितलात, काका?"

आणि मी म्हणालो, "व्हिडिओ नीट नाहीये गं. अजून बघतो."

का? तर काल मास्तरांचा फोन आला होता. क्लबच्या सभेत ‘खेळाडूंची मेहनत’ यावर मी चार शब्द बोलावे अशी कमिटीची इच्छा आहे. आयुष्यात मला कुणी बोलायला बोलावलेलं नाही. लिफ्ट बंद पडली की माझ्याशी बोलतात, तेही तावातावानं. म्हटलं, सभा होऊ दे, मग सांगू. चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?

ती "बरं" म्हणाली. वर "त्रास देते तुम्हाला" असंही म्हणाली. मला, मला म्हणाली ती.

कोचला शर्टांचं माहीत असणार, पण तो म्हणे आमचं काही वाचतच नाही. नवा पोरगा वाचतो. आठवडाभर शाबासक्या घेतोय आणि गप्प आहे. माझ्यासारखाच.

शनिवार, १६ नोव्हेंबर

जिंकलो. जिंकल्याचं एक अक्षर लिहावंसं वाटत नाही.

सहा नंबर मैदानात आला आणि स्टँड सुरू झाला, "या जावईबापू!" पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. मी गप्प होतो. बेकरीवाल्यानं कोपरानं ढोसलं, "अरे मीटर, तुझंच बारसं आहे हे, आज मुका का?" चार माणसं वळून बघायला लागली. आणि मी ओरडलो. हो, ओरडलो! "बसा, पाणी आणू का?" सगळं माहीत असून. गेल्या शनिवारी ओरडलो, त्याला अडाणी म्हणून सुटलो असतो. आज काय म्हणून सुटू?

त्यानं वर बघितलं. कुणाकडे असं नाही, नुसतंच स्टँडकडे.

आणि मग तो जे खेळला! खेळला म्हणवत नाही. अंगात आल्यासारखा जिथे बॉल तिथे उडी, डोकं खाली घालून, समोर खांदा आहे की गुडघा बघायचं नाही. एकदा पडला तो उठताना भलत्याच दिशेला चार पावलं गेला. मग वळला, परत घुसला. लोक खूश! मागचा एक म्हणाला, "बघा, जनाची लाज वाटली की कसा पळतो!" बेकरीवाल्यानं माझी पाठ थोपटली. "मीटर, तुझं औषध लागू पडलं रे."

मी उठलो. जिन्यात जाऊन उभा राहिलो. शेवटची पाच मिनिटं बघितली नाहीत.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले तिचे. ओरडेल वाटलं होतं. नुसती म्हणाली, "आणि तुम्ही आज परत ओरडलात?"

रविवार, १७ नोव्हेंबर

सकाळी लिहिलं. पट्टी, शर्ट, नाक, सगळं. "सतरा टॅकल त्याचे आहेत. चूक माझी आहे. गुरुवारपासून मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, हे त्याहून वाईट." खाली मीटर लिहिलं नाही. पूर्ण नाव घातलं. ग्रुपवर टाकलं, क्लबच्या पानावरही टाकलं.

वाटलं होतं, तोंडात शेण घालतील. तेवढी तरी शिक्षा होईल.

बेकरीवाला: "कशाला काढतोस आता? गडी पळायला लागलाय, पळू दे." आणखी एक: "एक काय न् सतरा काय, दिसतो आळशीच." मास्तर: "आकडा चुकला हे मान्य. परंतु परिणाम इष्ट झाला." आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे!

मी मास्तरांना फोन केला. म्हटलं, मास्तर, माणूस आहे तो. म्हणाले, "भावनाविवश होऊ नका. सभेला या." म्हटलं, सभेला तुम्हीच जा. आणि ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांचा फोन मी आधी ठेवला. पण त्यानं काही बरं वाटलं नाही.

उद्या तिला तोंडानं सांगायचं. लिहिणं सोपं असतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

तिची खुर्ची रिकामी. फोन मीच घेतले दिवसभर. दुपारी मालक म्हणाले, तिच्या नवऱ्याला काल ॲडमिट केलंय. सारख्या उलट्या, उजेड सहन होईना. डोक्याला मार आहे.

मी लिफ्टचे पत्ते लिहून घेत राहिलो. एकही चुकला नाही, याचाच राग आला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेलो. फळं घेतली होती. फळं! वॉचमननं विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" काय सांगणार? पिशवी घेऊन परत आलो.

बुधवार, २० नोव्हेंबर

ती ऑफिसात आली होती, रजेचं सांगायला. मी उठून उभा राहिलो, तर म्हणाली, "वाचलंय मी, काका." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याला त्या हरलेल्या मॅचचा दुसरा हाफ आठवतच नाही. आत्ता नाही, तेव्हापासून! नाकाला लागलं तेव्हाच डोक्यालाही लागलं होतं. परवा डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं त्यानं. काहीच आठवेना, म्हणून घाबरला होता. तेवढ्यात माझा आकडा वाचला आणि त्याला तोच खरा वाटला. आपण काम चुकवलं, बाकी काही नाही. शरमेनं कुणाला बोलला नाही, डॉक्टरकडे गेला नाही, आणि शनिवारी ते भरून काढायला उतरला.

आता दर थोड्या वेळानं तिला एकच विचारतो, "मी पळालो होतो का गं?" ती हो म्हणते. त्याला वाटतं, बायको आहे, म्हणणारच. मग तेही विसरतो आणि पुन्हा विचारतो.

"तुम्ही येऊन सांगा," म्हणाली. "मीटरचं तो खरं मानेल."