उंच बाजू समुद्राकडे

मी, ऐली मारिया कोस्किनेन, वय वर्षे शहात्तर, धंदा घरबांधणी, राहणार टर्न कोव्ह, ऑरेगन, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. लाडीगोडी मुलाने लावून पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रं मी आज रद्द करते. माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणेच व्हावी.

कलम १. मला नवरा आर्व्हिडच्या शेजारी पुरावं. नंतर फिनिश हॉलमध्ये सगळ्यांना कॉफी आणि वेलचीचा पाव द्यावा. कॉफी कडक करावी, मागच्या तिन्ही अंत्यविधींना ती पाण्यासारखी होती. भाषणं नकोत. त्याऐवजी खालचं कलम सहा मोठ्याने वाचावं. वाचायचं काम पॉलला देऊ नये. तो भरभर वाचतो आणि नको ते गाळतो.

कलम २. माझा मुलगा पॉल याला बँकेतली सगळी शिल्लक, पिकअप गाडी आणि नदीकाठचा मोकळा प्लॉट मिळावा. घर मिळणार नाही. पॉल, रागावू नकोस, आणि रागावलास तरी वकीलबाईंकडे जाऊन वेळ घालवू नकोस, त्यांनी सगळं दोनदा तपासलं आहे. गेल्या ईस्टरला तू रंगांचं कार्ड घेऊन आलास आणि जेवणाच्या टेबलावर मांडलंस. म्हणालास, "आई, अख्खं घर काळं करून टाकू. हल्ली अशी एकाच उताराच्या छपराची, एकपाखी घरं काळीच शोभतात." मी तुला विचारलं होतं की घराला काय कोणाच्या अंत्यविधीला जायचंय. तू हसलास, पण कार्ड उचललं नाहीस. ते अजून स्वयंपाकघराच्या खणात आहे.

कलम ३. प्लॉटवर पॉल घर बांधणारच, आणि मोठंच बांधणार, म्हणून त्याच्यासाठी ही माझी दुसरी ठेव. मोठ्या घरावर एकच लांबलचक पाखं टाकलं की ते मासळीचं गोदाम दिसतं. घराचे दोन किंवा तीन भाग कर. प्रत्येक भागाला वेगळं पाखं आणि वेगळी उंची दे, एकाचा उतार इकडे तर दुसऱ्याचा तिकडे. दोन भाग जिथे मिळतात त्या आडोशाला दार ठेव, म्हणजे किल्ली शोधणारा माणूस भिजत नाही. मुख्य पाखं जमिनीच्या उताराच्या कलाने जाऊ दे, टेकडीशी भांडण नको. भिंतींना देवदाराच्या उभ्या फळ्या लाव. त्यांना रंग नको, तेल नको, काही नको. दोन हिवाळे त्या लाल राहतील, तिसऱ्यात करड्या होतील, आणि मग तुझ्यापेक्षा जास्त टिकतील. एकपाखी छपराचं सगळं पाणी एकाच वळचणीला येतं. तिथे पन्हळ लावलीस तर जन्मभर शिडीवर चढून पानं काढत बसशील. त्यापेक्षा खाली गोट्यांचा चर कर आणि पागोळ्या त्यात पडू देत. अंगणात हिरवळ लावू नकोस, तिथलं उंच गवत आहे तसं भिंतीपर्यंत येऊ दे. रंगाची फारच हौस असेल तर दार रंगव. माझं पिवळं आहे, ते धुक्यातही सापडतं.

कलम ४. माझ्या करवती, रंधे, गुण्ये आणि कारखान्यातली यंत्रं गावातल्या हायस्कूलच्या सुतारशाळेला द्यावीत. मोठ्या करवतीचं पातं उजवीकडे ओढतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं. बर्चच्या मुठीची एक पटाशी मात्र देऊ नये. तिच्यावर आर. के. अशी अक्षरं आहेत. ती माझी नाही.

कलम ५. गावच्या बांधकाम समितीला काहीही देत नाही. १९८१ साली समितीने मला लेखी कळवलं होतं की माझं घर अर्धवट दिसतं, तरी छपराचं दुसरं पाखं केव्हा बसवणार ते सांगावं. ते पत्र मी फ्रेम करून घेतलं. समितीतलं आता कोणी हयात नाही, त्यामुळे फ्रेम त्यांच्या कचेरीत टांगायला द्यावी. खिळा त्यांनी आणावा.

कलम ६. हॉलमध्ये वाचायचं ते हेच. मध्ये कोणी उठून कॉफी आणायला जाऊ नये.

माझा धाकटा भाऊ रेइनो आणि मी १९६८ साली मिळून घरं बांधायला लागलो. घराचं बाहेरचं रूप तो कागदावर काढायचा आणि मी ते उभं करायची. गाड्यांवर 'कोस्किनेन' रंगवून झालं होतं म्हणून मी लग्नानंतरही आडनाव बदललं नाही. त्याच्या हातात जे होतं ते माझ्या हातात कधीच आलं नाही, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते.

१९७३ साली कॉर्डेलिया व्हिटकोमबाईंनी समुद्रालगत मोठं घर बांधायला सांगितलं. रेइनोच्या नकाशात छपराची बुटकी बाजू समुद्राकडे होती. आपल्याकडची हिवाळी वादळं तिकडूनच येतात. बुटक्या बाजूला आलेला वारा पाखावर चढतो आणि वरून निघून जातो. उंच बाजू त्याने टेकडीकडे ठेवली होती, माथ्याशी खिडक्यांची पट्टी देऊन, सकाळच्या उजेडासाठी. समुद्र बघायला बसल्या उंचीची एक लांब खिडकी काढली होती. व्हिटकोमबाईंना ती नको होती. त्यांना समुद्राकडे दोन माणसांएवढी उंच काच हवी होती.

रेइनो मला म्हणाला, "उंच बाजू तिकडे केलीस तर वारा वळचणीखाली हात घालेल, ऐली, आणि छप्पर उचलून नेईल."

मी म्हटलं, "घर बाई बांधून घेतेय, वारा नाही."

त्या उन्हाळ्यात तो सहा आठवडे सॅमन मासेमारीच्या बोटीवर गेला. नकाशा पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर होता. मी तो कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरला. उंच बाजू समुद्राकडे गेली. त्याच उलट्या बाजूवर मी माझ्या अक्षरात मापं लिहिली आणि लाकूड मागवलं. तो परत आला तोवर भिंती उभ्या होत्या. त्याने घराला एक फेरी मारली आणि वाशांना दुप्पट लोखंडी पट्ट्या ठोकत बसला. त्याही पुरल्या नाहीत. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या वादळात अर्धं छप्पर उडून शेजारच्या कुरणात पडलं. देवाची कृपा म्हणून कोणाला लागलं नाही.

त्या रविवारी याच हॉलमध्ये लोकांनी मला विचारलं की असं छप्पर काढलं तरी कोणी. मी म्हणाले, "नकाशा रेइनोने काढला होता."

वाक्य खरं होतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. रेइनो तिथेच कॉफी घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, कप टेबलावर ठेवला, टोपी घातली. नंतर त्याला कोणी काम दिलं नाही आणि मला देत राहिले. वसंत ऋतूत तो अलास्कात केचिकनला गेला. अजून तिथेच आहे, बोटींची लाकूडकामं करतो. त्याने पुन्हा घर बांधलं नाही. दर नाताळला त्याचं कार्ड येतं, त्यावर फक्त सही असते. मीही फक्त सही करून पाठवते. अशी बेचाळीस कार्डं झाली. प्रत्येक वेळी पेन हातात घेतलं की दोन ओळी लिहाव्यात असं वाटायचं, आणि मी तिकीट चिकटवून मोकळी व्हायची. मला लाज वाटते. ती तेव्हाच वाटायला हवी होती.

अजून आहे. १९७९ साली मी स्वतःचं घर बांधलं ते त्याच कागदावरून, फक्त सुलट बाजूने. बुटकी बाजू समुद्राकडे, उंच टेकडीकडे, बसल्या उंचीची लांब खिडकी. अडतीस हिवाळ्यांत त्याची एक फळी हललेली नाही. लांबून लोक येतात, फोटो काढतात, आणि दाराशेजारची पाटी वाचतात: रचना आणि बांधकाम, ऐली कोस्किनेन. बांधकाम माझं आहे आणि ते उत्तम आहे. रचना रेइनोची आहे. तो कागद हॉलच्या खिडकीत टांगावा. एका बाजूने त्याची सही सुलट दिसते, दुसऱ्या बाजूने माझी मापं. दोन्ही बाजूंनी बघावं.

कलम ७. टर्न कोव्हचं राहतं घर, आतल्या सामानासह, माझा भाऊ रेइनो कोस्किनेन याला मिळावं.

वकीलबाई म्हणतात, "तो नको म्हणाला तर?" तो नको म्हणणारच. मी त्याला लहानपणापासून ओळखते, आजारपणात सूपही दोनदा नाकारल्याशिवाय प्यायचा नाही. म्हणून असं लिहिते: कळवल्यापासून साठ दिवसांत त्याने घराचा ताबा घेतला नाही, तर घर पॉलला जावं, आणि पॉलवर रंगाच्या बाबतीत कसलीही अट राहणार नाही. रेइनो, पॉलचं रंगांचं कार्ड खणात तयार आहे. त्याने जो काळा निवडला आहे तो डांबरापेक्षा काळा आहे, आणि लांब खिडकीच्या जागी त्याला दोन माणसांएवढी उंच काच बसवायची आहे. आता तुझं तू ठरव.

येशील तेव्हा दाराशेजारी बघ. माझ्या नावाची पाटी मी काल स्वतः उतरवली, एका गुडघ्यावर बसून, शिव्या देत. तिथे देवदाराची कोरी फळी लावली आहे. ती अजून लाल आहे, बाकीच्यांत उठून दिसते. पटाशी आत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आहे. तू ती विसरून गेला नव्हतास, मी लपवून ठेवली होती, तुला परत यावं लागावं म्हणून. धार मी दर वर्षी लावत आले आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करून पुरं केलं.

स्थळ: टर्न कोव्ह, ऑरेगन
दिनांक: १४ मार्च २०१७

(सही) ऐली मारिया कोस्किनेन

साक्षीदार १: (सही) हेल्मी लाहती, फिनिश हॉलच्या व्यवस्थापक. कॉफी कडक होईल.

साक्षीदार २: (सही) कॉर्डेलिया व्हिटकोम, वय वर्षे नव्वद. ऐलीच्या परवानगीने चार ओळी लिहिते. काचेचा हट्ट माझा होता, आणि तो माझाच होता हे मीही आजवर कोणाला सांगितलं नाही. छप्पर उडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेइनो ताडपत्री घेऊन आला होता. त्याचा पहिला नकाशा मी पाहिला होता, म्हणून मी त्याला सरळ विचारलं, "हे उलटं कोणी केलं?" तो म्हणाला, "घर आम्ही दोघांनी बांधलंय, बाई. तुम्ही ताडपत्रीचं ते टोक धरा."