आखूड बंदूक आणि कपाटातली जागा

२ ऑक्टोबर
आज निर्णय घेतला. मी एकदा ठरवलं की ठरवलं. दाराजवळच्या कोटांच्या कपाटात सासऱ्यांची लांब नळीची जुनी बंदूक तिरकी उभी असते. दार उघडलं की माझ्याच नडगीवर येते. मर्लच्या दुकानात नवी आखूड बंदूक आलीय. सगळं यंत्र मागे, दस्त्यातच. काडतुसं भरायची दोन नळकांडी, चौदा काडतुसं. काखेत मावते! जुनी देऊन नवी घेतली. जुनीचा दस्ता तसाही कुणीतरी करवतीने कापून ठेवला होता. मर्लने विचारलं, वेंडल, नक्की ना? मी म्हटलं, मर्ल, विज्ञान पुढे गेलंय.
बायकोला, लोरेनला सांगायचंय. योग्य वेळ बघून.

३ ऑक्टोबर
योग्य वेळ आली नाही. बायको सफरचंदाचं बटर घोटत होती. घोटताना माणसाला डिस्टर्ब करू नये.

६ ऑक्टोबर
शेतामागे प्रॅक्टिस. तटस्थपणे केलेली निरीक्षणं: नेम धरायला बंदुकीवर काहीच नाही, ते वेगळं विकत घ्यायचं म्हणे. काडतुसं भरायला बंदूक उलटी करून काखेत धरावी लागते, पोट मध्ये येतं. पुढचा हात नळीच्या तोंडाच्या इतका जवळ, की नंतर बोटं तपासली. चाप जड. रिकामी काडतुसं सरळ खाली पडतात. एक गरमागरम माझ्या बुटात. दोन नळकांड्यांमधलं बटण डावीकडे असतं, उजवीकडे असतं, नाहीतर मध्ये. मध्ये राहिलं तर एकही काडतूस पुढे येत नाही. पण इतकं बावळट कोण असतं?
हे सगळे सवयीचे प्रश्न आहेत. बंदुकीत दोष नाही.

११ ऑक्टोबर
थंडी पडली. जाड कोटावर दस्ता खांद्यात बसेना, लांब पडतो. माझे हात जरा आखूड आहेत (आईकडून). आणि हा दस्ता कापता येत नाही, यंत्रच त्यात आहे. म्हणजे बंदूक आखूड, पण मला लांब. हे मर्लने आधी सांगायला हवं होतं.
नाश्त्याला लोरेनने विचारलं, बाबांची बंदूक कुठंय. यंदा टर्की शूटला, गावच्या नेमबाजीच्या स्पर्धेला न्यायचीय म्हणाली. मी म्हटलं, साफ करायला मर्लकडे दिलीय. यातलं ‘मर्लकडे दिलीय’ पूर्ण खरं आहे.
मग सहज सांगायला लागली. ती बारा वर्षांची असताना बाबांनी तो दस्ता तिच्या मापाने कापला होता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. भुसा बघून आई दिवसभर बडबडत होती म्हणे. हसत होती सांगताना.
मी स्क्रॅपलची, म्हणजे डुकराच्या मांसाची वडी ताटात तशीच ठेवून उठलो.

१२ ऑक्टोबर
मर्लकडे गेलो. परत दे म्हटलं. तो म्हणाला, दिली की. गावच्या आग विझवणाऱ्या फायर कंपनीला, त्यांच्या टर्की शूटचं पहिलं बक्षीस म्हणून. दरवर्षी हॅमच देतात, यंदा जरा बरं काहीतरी असावं म्हणून.
घाबरण्याचं कारण नाही. मी जिंकणार. चौदा काडतुसं आहेत.

२७ ऑक्टोबर, सकाळ
आज शूट. लोरेनला सर्दी होईल म्हणून घरीच थांब म्हणणार होतो. ती आधीच गाडीत जाऊन बसलीय.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ
टर्की शूटला टर्की नसते. कागद असतो. कागदावरच्या फुलीच्या सगळ्यात जवळ ज्याचा छर्रा, तो जिंकला. माणशी एक काडतूस. हा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. तरी मी पंधरवडाभर चौदा चौदा करत बसलो होतो.
बक्षिसाच्या टेबलापाशी लोरेन थांबली. कापलेल्या दस्त्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.
माझी पाळी आली. चाप ओढला. टक्. नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून पुन्हा ओढला. टक्. बटण मध्ये. मागून कुणीतरी म्हणालं, “वेंडल, पुढच्या वर्षी आवाजवाली आण.” सगळे हसले. माझी पाळी गेली.
मग तिची पाळी. तिने माझ्या हातातून तीच बंदूक घेतली, आम्ही दुसरी आणलीच नव्हती. बटण नीट केलं. पण तिचे हात माझ्याहून आखूड. दस्ता खांद्यावरून घसरला, छर्रे कागदाच्या कडेला गेले.
सासऱ्यांची बंदूक डेल नावाच्या ट्रक ड्रायव्हरने जिंकली. पलीकडच्या गावचा. चांगला माणूस, त्याचा काय दोष. म्हणाला, “कुणीतरी दस्त्याची पार वाट लावलीय. नवा बसवून घेतो.”
लोरेन म्हणाली, “मग जुना मला द्याल? माझ्या मापाचा आहे.”
गाडीत मी समजावून सांगायला लागलो. जागेचा प्रश्न, तिरकी उभी असायची, नडगी. घराचं वळण आलं.
“नुसतं विचारलं असतंस, वेंडल,” ती म्हणाली. “कपाट मी आवरून दिलं असतं.”
मला लाज वाटतेय. याला दुसरा शब्द शोधत होतो, मिळाला नाही.

३ नोव्हेंबर
डेल दस्ता आणून देऊन गेला. वर्तमानपत्रात गुंडाळून. लोरेनने तो पुसला आणि कपाटात, बंदूक उभी असायची त्याच कोपऱ्यात ठेवला. नवी बंदूक मी पलंगाखाली सारलीय.
संध्याकाळी कोट काढायला कपाट उघडलं. नडगीवर काही आलं नाही. आता भरपूर जागा आहे.