जपानी टोपलीच्या तळाचे नाव

मी लटारू सोमा बुरूड, वय अंदाजे बासष्ट, धंदा टोपल्या-सुपे विणण्याचा, राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या दमदाटीशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. भीती मात्र वाटते आहे.

१. राहते घर मुलगी चंदा हिला. जावई श्रीहरी याने भर बाजारात माझ्या सुपातून तांदूळ गळतो असे सांगितले होते. त्याला तेच सूप द्यावे. जन्मभर त्यातच पाखडावे.

२. टाक्यात भिजत घातलेले बांबू शेजारीण सुगंधाबाईने न्यावेत. उशीर केला तर सडतील.

३. कोनाड्यात धोतरात गुंडाळलेली काळपट टोपली माझी नाही. ती एका जपानी भिक्षूंची, फुले ठेवायची, शंभर वर्षांची. होळीच्या सुमारास ते आमच्या विहारात उतरले होते. टोपलीची मूठ तुटली, म्हणून विहाराचे वामनराव त्यांना माझ्याकडे घेऊन आले. टोपली ठेवून भिक्षू पुढच्या प्रवासाला गेले. इतके बारीक विणकाम मी जन्मात पाहिले नव्हते. मूठ बसवली. मग टोपली उलटी केली, तर तळाच्या पट्टीवर ओरखडे. आम्ही बुरूड मालावर नाव घालत नाही. बापाने घातले नाही, आज्याने नाही. हाताला खरखर लागली की चैन पडत नाही, म्हणून सुरी फिरवून पट्टी गुळगुळीत केली. वर स्वतःवर खूशही झालो.

गेल्या गुरुवारी भिक्षूंचे हिंदीत पत्र आले. टोपली त्यांच्या पणजोबांनी विणलेली. घरदार जळाले, आता त्या माणसाचे नाव फक्त टोपलीच्या तळाशी कोरलेले उरले आहे. बुद्ध पौर्णिमेला, म्हणजे या शुक्रवारी, ते न्यायला येतात.

मेल्यावर तो टोपली विणणारा म्हातारा मला गाठेल, माझे नाव कुठे आहे म्हणून विचारेल, याचे भय वाटते. शुक्रवारचे भय त्याहून मोठे. मरण आधी आले तर बरे. हा कागद माझ्यामागे भिक्षूंना वाचून दाखवावा.

सही: लटारू सोमा बुरूड

साक्षीदार क्र. १ चा शेरा: कागद वाचून मी सहीला नकार दिला. लटारूभाऊ म्हणाले, "मले लय भेव लागते, वामनराव." मी म्हणालो, "लागू द्या. पण तुमी जिते आहा ना, भाऊ? मंग मेल्यावर काऊन वाचाचं? मी बाजूले बसतो, तुमीच वाचा." शुक्रवारी ते स्वतः वाचतील या अटीवर सही करतो.
वामनराव, बुद्ध विहार, सावली

साक्षीदार क्र. २: सुगंधाबाई, डाव्या हाताचा अंगठा

अट कबूल. शुक्रवारी मीच वाचीन. भिक्षूंनी ते नाव मला कागदावर काढून द्यावे, एवढेच मागणार आहे. ते पुन्हा कोरून होईपर्यंत मला मरता येत नाही.
लटारू
सावली, सोमवार, १९ मे १९८६