चार टोकांचे लाल पट्टे

३ नोव्हेंबर, सोमवार

पट्टे आले. लाल. हितेशने मला न विचारता मागवले — दोन जोड्या. एक ड्रायव्हरच्या सीटला, एक शेजारच्या.

चार टोकांचे आहेत. दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, मध्ये पोटावर गोल बकल. रेसवाले लावतात तसे. डायनिंग टेबलावर पसरून ठेवले होते. सासूबाई म्हणाल्या, बरे दिसतात, देवीच्या पालखीला होतील. हितेश हसला नाही.

मी खूश व्हायला हवं होतं. ऑगस्टमध्ये कोइमतूरच्या ट्रॅकवर गेलो तेव्हा गाडी हितेशची, हौसही हितेशची. दुसऱ्याच फेरीत त्याला मळमळायला लागलं म्हणून मी बसले. त्याच्या चारही मित्रांपेक्षा माझी फेरी लवकर झाली. वीस मिनिटं चालवली! त्या वीस मिनिटांत कोणी मला हाक मारली नाही. चहा नाही, चावी नाही, रूपाचा शाळेचा डबा नाही. नुसतं पुढचं वळण.

परतताना हितेश कोल्हापूरपर्यंत एक शब्द बोलला नाही. तिथे जेवण झाल्यावर म्हणाला, याचं काहीतरी करता येईल.

हे लाल पट्टे म्हणजे ते 'काहीतरी'. त्याला पंचायत समितीचं तिकीट हवंय. नवरा गोदामवाला, बायको रेसर — पक्षाच्या साहेबांना आवडेल म्हणे.

५ नोव्हेंबर

पट्टे घेऊन कोन गावातल्या भूपेशच्या गॅरेजमध्ये गेले. ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्या त्याच्याकडे येतात. त्याने बकल दोनदा फिरवून बघितलं, तोंड वाकडं केलं. मग मला सीटवर बसवून पट्टे नुसते अंगावर धरले आणि एकेक गोष्ट समजावली.

समोरून धडक बसली की खांद्यांचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात. त्याला खाली धरून ठेवणारा, मांड्यांमधून जाणारा पट्टा यात नाही. म्हणजे अंग खालून सरकणार, पट्टा हाडावरून पोटावर चढणार. खांद्यांचे पट्टे मागे जमिनीला बांधले तर धक्क्याने मणका दाबणार. आणि गाडी उलटली तर? कंपनीच्या पट्ट्यात माणूस निदान बाजूला झुकतो. यात ताठ बसून राहतो. टप खाली येतं आणि डोक्याला जायला जागा नसते.

मी विचारलं, मग लावू काय?

"अर्धवट काही लावू नका, वहिनी. एक तर कंपनीचा पट्टा ठेवा, तुमच्यासारख्या नव्या माणसाला ट्रॅकवर तोच बरा. नाहीतर सगळं करा. रेसची सीट, सहा टोकांचा पट्टा, मागे लोखंडी बार, मानेचा आधार. यातलं एक घेतलं आणि बाकी सोडलं, तर काहीच न घेतलेलं परवडलं."

हे पट्टे मी बसवणार नाही, असंही म्हणाला. इतकं सरळ माझ्याशी कोणी बोलत नाही.

६ नोव्हेंबर

हितेशला सांगितलं. सगळं सांगितलं, कागदावर चित्र काढून.

बार टाकला तर मागची सीट जाईल. मग आईबाबा कुठे बसणार? लग्नकार्याला काय पिंजरा घेऊन जायचं? हे त्याचं. बरोबरच आहे. मी म्हटलं, मग कंपनीचा पट्टाच ठेवू. तो छान आहे.

"तो फोटोत दिसत नाही."

एवढंच म्हणाला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला.

९ नोव्हेंबर, रविवार

भूपेश नाही म्हणाला तर काय, बायपासवर सीट कव्हरवाल्याने तासाभरात बसवून दिले. खांद्यांचे पट्टे मागे थेट जमिनीला. भूपेशने नको सांगितलं होतं, अगदी तिथेच.

आज फोटो. आपल्याच पूर्णा गावातल्या गोदामासमोर. फोटोवाल्याने सीट पार मागे सरकवली आणि पट्टे इतके आवळले की खोल श्वास घेता येईना. वहिनी, हनुवटी वर. वहिनी, थोडं रागाने बघा. पन्नासेक फोटो काढले. मग साहेबांच्या ऑफिसातून फोन आला आणि हितेश बोलत बोलत शटरच्या आत गेला. फोटोवालाही चहाला गेला.

मी बकल फिरवलं. फिरेना. पुन्हा फिरवलं. काच बंद, इंजिन बंद. हात दाराच्या खटक्यापर्यंत पोचत नव्हता. हॉर्नपर्यंतही नाही! पट्टे सैल करायची टोकं कुठे आहेत ते दिसत होतं, पण खाली वाकता येत नव्हतं. समोरून कंटेनर चालला होता. त्याच्या ड्रायव्हरने हात केला. मीही हात केला. त्याला वाटलं असेल, बाई ऐटीत बसल्यात.

सतरा मिनिटं. डॅशबोर्डवर घड्याळ आहे म्हणून माहीत.

हितेशने येऊन बकलवर एक बुक्की मारली, उघडलं. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं म्हणाला. घामाने मेकअप उतरला म्हणून चार फोटो परत काढले.

१२ नोव्हेंबर

कोनच्या नाक्यावर बॅनर लागला. माझं तोंड माझ्यापेक्षा मोठं. खाली 'आगरी वाघीण'. वर कोपऱ्यात साहेब, खाली हात जोडून हितेश.

मासळीवाली म्हणाली, तू तीच ना गो, नाक्यावरच्या फळीवरची? आणि दोन बोंबील जास्त घातले. आता नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं? नाक्याला?

१५ नोव्हेंबर, शनिवार

ट्रॅकला जायचंच नाहीये.

तीस तारखेला साहेबांचा वाढदिवस. गोदामाच्या आवारात कार्यक्रम. मी साहेबांसमोर गाडी पळवायची, टोकाला गर्रकन वळवायची, परत आणून स्टेजसमोर उभी करायची. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उभे ट्रेलर, मध्ये माणसं. मी विचारलं, माणसांना मागे कोण ठेवणार? हितेश म्हणाला, दोरी लावू.

आणि शेजारच्या सीटवर रूपा.

आठ वर्षांची आहे माझी पोर. खांद्याचा पट्टा तिच्या गळ्यावर येतो, मी बसवून पाहिलं. 'आई वाघीण, लेक बछडी' — ही ओळ साहेबांच्या माणसाला सुचली आहे. दुसरी जोडी त्यासाठी होती तर!

मी म्हटलं, रूपा नको. हितेश माझ्याकडे न बघता म्हणाला, आता नाव दिलंय. साहेबांना आता नाही कसं सांगणार?

रूपा खूश आहे. लाल फ्रॉक ठरलाय तिचा.

१६ नोव्हेंबर

माहेरी फोन केला. बाप म्हणाला, जावईबापूंचं भलं होतंय तर कशाला मोडता घालतेस.

२० नोव्हेंबर

दुपारी अंगणात गाडीत बसून पट्ट्यातून बाहेर पडायचा सराव करत होते. बकल दहा वेळा फिरवलं, तीन वेळा अडकलं. सासरे — बाबा — ओट्यावरून बघत होते. ते घरात कोणाशी फार बोलत नाहीत. उठून आले, काचेतून हात घालून पट्टा चाचपला आणि तसेच उभं राहून बोलायला लागले.

बाबा तरुणपणी छकड्याच्या शर्यती करायचे. मला वाटायचं, नुसत्या बघायचे. त्यांना धाकटा भाऊ होता, मोरू. एकोणीस वर्षांचा. गाडीवर वजन नको म्हणून हलका गडी लागतो, तो मोरू. पण त्याला भीती वाटायची, बैल उधळले की उडी टाकायचा. एका शर्यतीला बाबांनी त्याला कासऱ्याने छकड्याला बांधला. मोरू नको म्हणत होता. बांधाला चाक लागून छकडा उलटला.

"गावाला सांगितला, त्यानं सोताच बांधून घेतला व्हता. आयेलाबी तसाच सांगितला. चव्वेचालीस वर्सं जाली, पोरी. आज पैल्यांदा बोलतंय."

बाबा बराच वेळ पट्ट्याची कड बोटांनी दाबत उभे होते. म्हणून ते गाडीत कधी पट्टा लावत नाहीत, आणि आम्ही त्यांना ओरडतो. मला सांगावंसं वाटलं — बाबा, बांधणं वाईट नसतं, कशाला बांधतो ते बघायला हवं. नाही सांगितलं. आताच त्यांना धडे कसले द्यायचे.

मी म्हटलं, हे हितेशला सांगा. रूपासाठी तरी.

मान हलवली त्यांनी. "न्हाय जमणार," म्हणाले. आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

२५ नोव्हेंबर

रूपाने शाळेत सगळ्यांना सांगितलं. बाई पण येणार आहेत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कापले.

दुपारी साडेतीन. सासूबाई झोपलेल्या, हितेश मंडपवाल्याकडे. परसातला कोयता घेतला. वाटलं तितकं सोपं नाही — पट्टा दाराच्या कडेवर ताणून धरावा लागला, करवतीसारखा कोयता चालवावा लागला. दोन्ही जोड्या कापल्या. आठही टोकं. तुकडे सीटखाली सारले, गाडीवर कव्हर घातलं. हाताला फोड आलाय.

परवा सकाळी कव्हर निघेल. पुढचं मला दिसत नाही. पळून जायचं ठरवलेलं नाही. जाणार कुठे? माझा चेहरा नाक्यावर लटकतोय.

३० नोव्हेंबर, रविवार

नीट लिहिते.

नऊ वाजता साहेबांची माणसं आली. हितेशने सगळ्यांसमोर कव्हर ओढलं. दार उघडलं. तुकडा हातात घेऊन उभा राहिला. कोणी केलं? असं दोनदा विचारलं, फार मोठ्याने नाही.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण बाबा ओट्यावरून उतरत म्हणाले, "म्या कापले."

हितेश बापावर ओरडला. म्हातारा बिघडलाय, माझं वाटोळं करणार, असलं सगळं, माणसांदेखत. बाबांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोरूलाबी म्याच बांधला व्हता." कोणाला काही कळलं नाही. फक्त सासूबाई मटकन खाली बसल्या.

साहेबांची माणसं घड्याळ बघून निघून गेली. पट्ट्यांशिवाय चालव, असं कोणी म्हणालं नाही. कार्यक्रम झाला, गाडीशिवाय. रूपा लाल फ्रॉक घालून दिवसभर रडली. बाबा जेवले नाहीत. आणि मी गप्प बसले. एका माणसाने माझा गुन्हा अंगावर घेतला आणि मी भात वाढत होते.

२ डिसेंबर

हितेश बाबांशी बोलत नाही. तिकीट दुसऱ्याला जाणार, असं ऐकलं.

सासूबाई दोन दिवस बाबांसमोर ताट ठेवतात आणि न बोलता आत जातात. मला हे सहन होत नाही. उद्या हितेशला सांगायचं. काय व्हायचं ते होवो.

३ डिसेंबर

सांगितलं. पट्टे मी कापले, बाबांनी नाही.

हितेश म्हणाला, माहितीये. शुक्रवारी संध्याकाळीच कव्हर उचलून पाहिलं होतं, तुझ्या हाताला फोडही दिसला. मी विचारलं, मग गप्प का राहिलास? तो रूपाची चप्पल पायाने सरळ करत राहिला.

"शनिवारी बोललो असतो तर साहेबांच्या माणसांना नवे पट्टे आणायला वेळ मिळाला असता."