विद्वानांच्या तावडीतला स्वेटर

आई, इथूनच वाकून नमस्कार.

तू विणलेला स्वेटर पोचला. छान बसला. पण या विद्वानांच्या संस्थेत एक वस्तू धड राहील तर शपथ! जेवणाच्या खोलीत खुर्चीवर टाकून हात धुवायला गेले, परत येते तर सगळे त्याच्याभोवती.

गणितवाला नक्षीची आकृती काढत होता. इतिहासवालीला ही वीण किती जुनी, ते हवं होतं. रसायनवाल्याने तर रंग तपासायला चक्क धागा उपसला! मी ओरडले, "अहो, मला थंडी वाजतेय, द्या इकडे!"

हाताच्या नसांवर संशोधन करणारी बाई तेवढी टाक्यांवरून बोट फिरवत होती. तिने डावी बाही उलटून पाहिली आणि म्हणाली, "इथून पुढे टाके सैल पडलेत. विणणारीचा हात दुखतो का गं?"

मी तिच्यावरही खेकसले.

बाबांचा खोकला कसा आहे? मावशी अजून तिथेच आहे ना? तिला सोबत घेऊन तुझा हात डॉक्टरांना दाखव. आणि "माझं सगळं ठणठणीत" हे या वेळी मावशीकडून लिहून घेऊ नकोस. दोनच ओळी लिही, पण स्वतःच्या हाताने.

तुझी चिडकी लेक