विक्री माहेरी गेली

प्रिय बाबा,

आज दुपारी ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या आणि मी तशीच गच्चीवर पळाले, तुम्हाला फोन लावायला! नंबर काढला, बटणावर बोट ठेवलं, मग भान आलं. तुम्ही गेल्याला अजून वर्षही नाही झालं, बोटांना कसं कळणार? म्हणून लिहिते आहे. ही बातमी पोटात राहिली तर मी फुटेन.

"तू तिथं नेमकं करतेस काय वं?" तुम्ही दर वेळी विचारायचे. मी सांगायचे, आमची कंपनी केसांचं तेल विकते. सेल्सची मंडळी दुकानोदुकानी फिरतात. कुठे किती खपलं, का खपलं, पुढे किती लागेल, ते मी आकड्यांवरून त्यांना सांगते. "म्हंजे उन्हात फिरतात ते, अन् एसीत बसून सांगतेस तू? मजा हाय!" किती चिडायचे मी!

तर ऐका. मागे एकदा सक्सेना सरांनी, म्हणजे आमच्या सेल्सच्या साहेबांनी, माल ठरवायला बैठक घेतली. सर बाहेरून आलेले, इथे नवीन. गेल्या वर्षीचा तोच महिना पडद्यावर लावला आणि म्हणाले, यंदाही तसंच करू. शहरात भरपूर माल, खेड्यांत बेताचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होते, पण गेल्या वर्षीच्या त्यापुढच्या महिन्यात मला एक खड्डा दिसला. रायपूरची विक्री धपकन खाली आणि त्याच दिवसांत खेड्यांतली टुणकन वर! सर म्हणाले, कुणीतरी इकडचे आकडे तिकडे दाखवलेत.

आणि बाबा, मला तुम्ही दिसलात! स्टेशनच्या तिकीट खिडकीवरून घामाघूम होऊन आलेले. पोळा झाला की तुमच्या खिडकीपुढे बाप-भावांची ही गर्दी, लेकी-बहिणींना तीजाच्या, म्हणजे इथल्या हरतालिकेच्या, उपासासाठी माहेरी न्यायला. "सारं छत्तीसगड माहेरी चाललं, मंग माही पोट्टी काहून राहील?" म्हणत तुम्ही स्कूटर काढायचे. आपल्यात कुठे आहे हो ही रीत? आणि माझं सासर तरी कुठे लांब, इथंच नवा रायपूरला! तरी हँडलला साडीची पिशवी अडकवून तुम्ही दारात हॉर्न वाजवणार, चौबे कॉलोनीत आपल्या घरी नेणार आणि उपासाच्या आदल्या दिवशी इथल्यासारखं कारलं-भात खाऊ घालणार. सासरचे हसायचे. मी लाजायचे, पण बॅग आधीच भरून ठेवलेली असायची.

"सर, ये गड़बड़ नहीं, तीजा है," मी बोलून गेले. "औरतें मायके जाती हैं, तो तेल भी वहीं बिकता है. और इस साल तीजा पहले पड़ रहा है, इसी महीने."

"माल वापस आया तो?"

"तो मेरे नाम पे, सर."

बोलून तर बसले, बाबा! नोकरी करारावरची, पुढे ठेवायची की नाही ते याच महिन्यावर ठरणार. खेड्यांत फिरणारे देवांगन भैया तेवढे हळूच "हव दीदी" म्हणाले. माल खेड्यांत गेला. मग मी जेवताजेवताही आकडे उघडून बघायचे. काही दिवस तर ढिम्म हलेनात!

आणि आज देवांगन भैयांचा फोन, सगळ्यांसमोर स्पीकरवर. "दीदी, तेल सिरा गे! अउ भेजव!" तेल संपलं, बाबा, आणखी पाठवा म्हणतात! टाळ्या झाल्या. सर म्हणाले, पुढचं प्लॅनिंग पंचांग समोर ठेवून करायचं आणि तूच करायचं. नोकरी राहिली!

पण एक सांगू? तीजाच्या आदल्या दिवशी अख्ख्या छत्तीसगडच्या बायका माहेरी पोचलेल्या मला पडद्यावर दिसत होत्या आणि माझ्या दारात यंदा हॉर्न वाजला नाही. मी दोनदा खिडकीतून वाकून पाहिलं, उगाच. खूप रडले त्या दिवशी.

संध्याकाळी आईकडे पेढे घेऊन गेले. तिनं सगळं ऐकलं, खूश झाली, आणि पेढा मोडता मोडता म्हणाली, "मले तं तीजाले कोणी कधी नेलंच नाही."

बाबा, हे काय हो? साऱ्या गावाला माहेरची तिकिटं दिलीत आणि आईचं एक नाही काढलं? तिचं हिंगणघाट काय चंद्रावर आहे? तुम्हाला गर्दीत सुट्टी मिळत नव्हती, कबूल. पण मला आणायला तर ड्यूटी संपवून यायचे ना! आता तुमच्याशी भांडायचं तरी कसं?

म्हणून शब्द देते. पुढच्या तीजाला मी रांगेत उभी राहून, तुमच्याच खिडकीवर, हिंगणघाटची दोन तिकिटं काढणार. तुमची स्कूटर घेऊन चौबे कॉलोनीत जाणार, हँडलला साडीची पिशवी अडकवणार आणि दारात हॉर्न वाजवणार. मामाला आजच कळवलंय.

त्या आठवड्यात आपल्या कॉलोनीतल्या दुकानात तेलाची एक बाटली कमी खपेल. वरून तुम्हाला तो खड्डा दिसला तर काळजी करू नका. आई माहेरी गेली असेल.

तुमची पोट्टी,
मीनल